इतिवृत्त, पान सत्तेचाळीस

सभा अकराची. साडेबारापर्यंत कोरम नव्हता,
चहा सांगितला तसा झाला.
मी ग्रामसेवक. मला लिहायचं असतं
काय ठरलं ते.
कोण काय बोललं ते नव्हे.

पाचव्या विषयाला, हायमास्ट दिव्याला, टाळ्या पडल्या.
सहावा वाचला तेव्हा दारात दोन म्हातारे उभे,
चपला हातात.

सुरमल काळे, ओढ्याच्या अलीकडचा.
बाबुशा पवार, पलीकडचा.
नऊ वर्षांपूर्वी शाळूची गंजी पेटली
आणि गंजीच्या आधी, का नंतर, पारध्यांची पालं.
(अहवालात दोन्ही आहे.)
त्या रात्री जो जिकडं पळाला तिकडचा झाला.
सुरमलचा पोरगा अकरा महिने सांगलीच्या जेलात.
बाबुशानं नाव दिलं म्हणतात.
बाबुशा म्हणतो, नाव त्यांच्याकडं आधीच होतं,
आमची नावं असतातच त्यांच्याकडं.
पुढं ग्रुप ग्रामपंचायत फुटली,
हद्द नेमकी ओढ्यातनं गेली.

तेव्हापासून बोलत नाहीत दोघं.
आजही एकत्र आले नव्हते. दोन वाटांनी आले,
एका वेळेला.

सरपंच म्हणाले, तुमचं त्या गावात बसतं.
बाबुशा म्हणाला, त्या गावचं म्हणतं ह्या गावात.
कुणीतरी मागून म्हणालं, मग कर्नाटकात जावा की,
चार कोसांवर तर हाय.
हसले सगळे. मीही.
हसणं इतिवृत्तात येत नाही.

सुरमल हसला नाही. म्हणाला,
"आमची झुंबरी मेली तवा
दोन तास वढ्यात ठिवली हुती.
दोन बाजूनं दोन सायेब फोनवर.
कुठल्या गावात पुरायची म्हून."

त्यातला एक साहेब मी.
नकाशा माझ्याच गुडघ्यावर पसरलेला होता त्या दिवशी,
ऊन होतं, रेंज येत-जात होती,
आणि त्या नकाशात ओढा सरळ दाखवलाय,
जमिनीवर तो तिथं वळतो.

"टँकर वढ्यापातुर येतो, फिरतो," बाबुशा.
"नातू धा वर्साचा. नाव दाखल्या ठिवलं.
तेवढं तरी घरात असावं म्हून."
पुन्हा कुणीतरी हसायला गेलं, पण ते तोंडातच राहिलं.

मी लिहिलं: सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली.
पुढील सभेत ठेवणेत यावा.
शाईचा पॅड सरकवला.

सुरमलनं आंगठा मुठीत घेतला.
"हा ठाण्यात लई येळा दिलाय. आज न्हाई.
वाचून दाव आधी."
वाचलं.
"चर्चा म्हंजी? आमी बोललो ते, का तुमी हसला ते?"

सरपंचांनी घड्याळ बघितलं.
बाबुशा नऊ वर्षांत पहिल्यांदा
सुरमलकडं वळून म्हणाला,
"बस खाली. लिवूस्तवर बसू."
आणि बसले दोघं, फरशीवर, मधे एक हात अंतर सोडून.

सभा उठली. पंखा बंद झाला. शिपाई झाडू लागला,
त्यांच्या भोवतीनं झाडला.
मी त्या ओळींवर काट मारली,
नवं पान उलटलं, वर सत्तेचाळीस आकडा टाकला,
आणि पेन टेकवून ठेवलं.
कुठून सुरू करायचं?
गंजीपासून, पालांपासून, का ओढ्यातल्या दोन तासांपासून?
क्रियापदं सगळी आमचीच होती,
ठेवणेत यावे, कळविणेत यावे, पाहणेत आले.
त्यांच्यासाठी एकही सापडेना.

पाचच्या गाडीला मला जतला जायचं होतं.
ते उठले की मी उठलो, आता आठवत नाही.
ओढ्याशी गेल्यावर ते बोलले का, तेही माहीत नाही.
मी तिकडनं गेलो नाही.

फेब्रुवारीत लेखापरीक्षण झालं.
लाल शाईत शेरा: पान क्र. ४७ कोरे का?
सात दिवसांत खुलासा करावा.

सहाव्या दिवशी केला.
एकच शब्द बसला त्या रकान्यात.
नजरचुकीने.